‘पासवर्ड विसरलात?’च्या मागची सही
‘पासवर्ड विसरलात?’वर टिचकी मारली की येणारी ईमेल अनेकदा त्या साइटवाल्यांनी लिहिलेलीच नसते. पायथॉनमधल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये तिच्या मजकुराचा टेम्प्लेट तयारच मिळतो. प्रकल्पाच्या टेम्प्लेट फोल्डरात त्याच नावाचा आपला टेम्प्लेट ठेवला की जँगो तो उचलतो. मग खुशाल मराठीत लिहा. गंमत म्हणजे टेम्प्लेटच्या नावात एचटीएमएल असूनही ईमेल जाते साध्या मजकुराचीच. रंगीत बटण हवं तर वेगळा टेम्प्लेट द्यावा लागतो.

ईमेलमधल्या लिंकमध्ये असलेल्या टोकनला मात्र हात लावू नका. ते डेटाबेसात कुठेच साठवलेलं नसतं. वापरकर्त्याचा क्रमांक, सध्याच्या पासवर्डचा हॅश, शेवटच्या लॉगिनची वेळ, ईमेलचा पत्ता आणि टोकन काढल्याची वेळ यांवर सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली ती सही असते. पासवर्ड बदलला की हॅश बदलतो आणि जुनी लिंक आपोआप बाद होते. एरवी तिची मुदत २,५९,२०० सेकंद, म्हणजे ३ दिवस. माझ्या मते फारच ऐसपैस. पैशांच्या व्यवहारांना तासभर पुष्कळ झाला. सेटिंगमध्ये एका ओळीचं काम आहे. फक्त मुदत कमी केलीत, तर ईमेलमध्ये तसं लिहा.