ज्याच्या बाजूने कोणी नाही, त्याचे वकीलपत्र

23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस चकमकींबाबत 16 निर्देश दिले. बरोबर दहा वर्षांनी, 23 सप्टेंबर 2024 ला, बदलापूरच्या शाळेतील अत्याचार प्रकरणाचा आरोपी तळोजा तुरुंगातून आणला जात असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे.

2014 चा निकाल ज्या संस्थेच्या लढ्यातून आला ती म्हणजे पीयूसीएल, ही नागरी हक्कांची संघटना, जयप्रकाश नारायण यांनी 1976 मध्ये, ऐन आणीबाणीत उभी केलेली. विषय मुंबईचाच होता : 1995 ते 1997 मधल्या जवळपास 99 चकमकी आणि त्यांत गेलेले सुमारे 135 जीव. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवा, तपास त्याच ठाण्याकडे ठेवू नका, दंडाधिकारी चौकशी करा, लगोलग बढत्या आणि शौर्यपदके वाटू नका, असे न्यायालयाने बजावले. एवढे चार शब्द कागदावर यायला संस्थेच्या वकिलांना कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

आरोपी मेला त्या संध्याकाळी बदलापुरात पेढे वाटले गेले. लोकांचा राग खोटा नव्हता. जेमतेम चार वर्षांच्या मुली, आणि तक्रार द्यायला गेलेल्या आईला ठाण्यात अकरा-बारा तास ताटकळावे लागले. 16 ऑगस्टच्या रात्री कसाबसा गुन्हा नोंदला गेला. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद पडल्या, आणि लगेचच मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरे तर पोक्सो कायद्याचे कलम 24 सांगते की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यावा. इथे ठाण्याचा बाकच वाट्याला आला.

नागरी हक्कांचा वकील नेमका अशा वेळी डोळ्यांत खुपतो. आरोपीचे वकीलपत्र घेऊ नये, अशी भाषा दर मोठ्या प्रकरणात होते. बार असोसिएशनचे असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केले आहे, तरी ते होतात. इथे तर दफनालाही जागा मिळेना. बदलापूर, अंबरनाथमध्ये विरोध झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि 29 सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत बंदोबस्तात दफन उरकले. तिथेही खणलेला खड्डा लोकांनी बुजवला होता. मेलेल्या माणसालाही सन्मान असतो, हे घटनेच्या कलम 21 मध्ये येते. पण हे त्या गर्दीला सांगणार कोण?

मुलाची चकमक बनावट असल्याचा दावा करत आरोपीचे वडील उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांवर ठपका ठेवला. फेब्रुवारीत आई-वडिलांनी ‘आम्हाला प्रकरण पुढे न्यायचे नाही’ असे न्यायालयाला सांगितले. खंडपीठाने मात्र फाइल मिटवली नाही. मदतीला न्यायमित्र होत्या, सुनावणी चालू राहिली. 7 एप्रिल 2025 रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. नीला गोखले यांनी गुन्हा नोंदवून विशेष पथकाने तपास करावा, असा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून पथक नेमण्याचे काम पोलीस महासंचालकांकडे दिले.

म्हणजे पाहा, आईची तक्रार आणि आरोपीच्या बापाची तक्रार, दोन्ही एकाच जागी अडल्या : पोलिसांनी वेळेत गुन्हा नोंदवला नाही. पीडितेचा वकील आणि आरोपीचा वकील वेगळ्या टोकांना उभे असतात, हा आपला समज इथे उताणा पडतो. हक्कांचा वकील माणसाचे चारित्र्य तपासत नाही, गाळलेली पायरी तपासतो. मला तर वाटते, पहिली पायरी नीट घातली असती तर रेल रोकोची वेळच आली नसती.

या कामात पैसा फारसा नाही. बार कौन्सिलच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, त्यामुळे संस्थांचे वकील बहुधा मानधनावर किंवा प्रकरणागणिक काम करतात. पैसा देणगीदारांचा, आणि तो आटतोही : 1981 मध्ये स्थापन झालेल्या लॉयर्स कलेक्टिव्हची परदेशी देणग्या घेण्याची नोंदणी 2016 मध्ये रद्द झाली. बाकी दिवस जातो तो साधाच : प्रतिज्ञापत्र, नक्कल मिळवण्याचा अर्ज, उल्हासनगर कोर्टातली तारीख, कल्याणला जामीन, आणि हायकोर्टात बोर्ड असेल त्या दिवशी सकाळची खच्चून भरलेली बदलापूर लोकल.

अशी संस्था हाताशी नसेल तरी एवढे लक्षात ठेवा. हद्दीचे कारण सांगून ठाण्याला तक्रार नाकारता येत नाही. ‘झिरो एफआयआर’ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्येच आहे. नोंद केली नाही तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, म्हणजे बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही शहरांसाठी उल्हासनगरच्या परिमंडळ 4 च्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतली माणसे यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा दूरध्वनी क्रमांक 15100.