मीठ, विभूती आणि माती

बेळगावहून निपाणीच्या वाटेला लागले की लगेच काकती येते. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे माहेर. 1778 साली त्या इथे जन्मल्या, 1824 साली इंग्रजांशी लढल्या आणि फेब्रुवारी 1829 मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात, कैदेतच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी बैलहोंगललाच आहे. चन्नम्मा लिंगायत होत्या. या समाजात परंपरेने देहाला अग्नी देत नाहीत, भूमीत बसवतात.

'बसवतात' हा शब्द अगदी खरा घ्यायचा. देहाला स्नान घालतात, कपाळी विभूती लावतात, मांडी घालून बसवतात आणि फुलांनी सजवलेल्या विमानातून रुद्रभूमीकडे, म्हणजे दफनभूमीकडे, नेतात. जन्मभर अंगावर धारण केलेले इष्टलिंग तळहातावर ठेवतात. विभूती आणि बेलपत्रे, बऱ्याच ठिकाणी मीठही वाहतात. मग माती लोटतात. माणूस 'वारला' असे न म्हणता 'लिंगैक्य झाला' म्हणतात. बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, तर मरणाचे सूतकही मानले नाही. जो शिवात मिळाला, त्याचा विटाळ कसला?

मीठ म्हटले की प्राचीन इजिप्त आठवतो. तिथे मेलेल्या माणसाचे सगळे भवितव्य एका क्षारावर अवलंबून होते. त्याचे नाव नॅट्रॉन. वाडी नॅट्रूनच्या आटणाऱ्या तळ्यांच्या काठी तो मिळे. फार पूर्वी इजिप्तमधले लोक मृतांना वाळूत पुरत. तापलेली वाळू अंगातले पाणी शोषून घेई आणि देह आपोआप टिके. पुढे श्रीमंतांसाठी शवपेट्या आणि बांधीव थडगी आली, देह वाळूपासून दूर गेला आणि सडू लागला. वाळूचे काम मग माणसाच्या हातांनी करावे लागले. ममीची कला घडत गेली ती अशी, असे मानले जाते.

हा विधी साधारण 70 दिवसांचा. नाकातून आकडी घालून मेंदू काढत. डाव्या कुशीत छेद देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी बाहेर घेत. ती वाळवून चार भांड्यांत ठेवत; त्या भांड्यांची राखण होरसच्या चार पुत्रांकडे असे. हृदय मात्र जागीच राही, कारण विचार हृदयात वसतो अशी समजूत होती. परलोकात हेच हृदय सत्याची देवता मात हिच्या पिसाशी तोलले जाई. पापाने जड झालेले हृदय अम्मित राक्षसी गिळून टाकी. देह सुमारे 40 दिवस नॅट्रॉनमध्ये पुरून वाळवत, तेल आणि राळ लावत, लिननच्या पट्ट्यांत गुंडाळत. शेवटी 'मुख उघडण्याचा' विधी होई, म्हणजे मृताला पुन्हा खाता-बोलता यावे. एवढी खटपट का? आत्म्याला परतायला घर हवे, आणि ते घर म्हणजे देह.

आपल्या मातीतही मृताची चिंता जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव इथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात सुमारे 3,000 वर्षांपूर्वीची दफने सापडली. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेले, तेही घराच्या जमिनीखालीच. मोठ्यांची पावले घोट्यापासून तोडलेली. मृताने उठून दूर जाऊ नये, असा त्याचा अर्थ काही अभ्यासक लावतात. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेला, पावलांसकट. तो गावचा प्रमुख असावा.

इजिप्तने देह टिकवला, कारण मृत परतणार होता. शरणांनी तो मातीला दिला, कारण लिंगैक्य झालेल्याला परतायचेच नव्हते. श्रद्धा अगदी उलट, पण मृताला न्हाऊमाखू घालणारे हात तितकेच हळुवार.

एक फरक मात्र आपल्याला जड जाणारा आहे. इजिप्तच्या लोकांनी थडग्यांच्या भिंतींवर मृतांसाठीचे मंत्र लिहून ठेवले. देहही राहिले आणि मंत्रही. आपल्याकडे देह मातीत विरतो आणि विधी जंगमांच्या, म्हणजे लिंगायत पुरोहितांच्या, आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी राहतो. या दिवाळीत आजी-आजोबांजवळ बसाल तेव्हा घरातल्या शेवटच्या निरोपाची रीत विचारा. मराठीत सांगोत की कन्नडमध्ये, ती वहीत उतरवून ठेवा.