फोन आणि स्पीकर यांची समान भाषा

आजोबांना पहाटे हरिपाठ हवा, सूनबाईंना स्वयंपाक करतां करतां नाट्यगीत हवें आणि नातवंडांना चित्रपटगीतें हवींत. अशा एकत्र कुटुंबांत हल्लीं लहानसा बिनतारी स्पीकर हटकून आढळतो. खालापूर तालुक्यांतील साजगांव विठ्ठलाच्या कार्तिकांतील यात्रेबद्दल प्रसिद्ध आहे. अशा गांवच्या भजनांतहि टाळमृदंगाशेजारीं हें यंत्र दिसूं लागलें, तर नवल नाहीं. मात्र तें विकत घेतांना खोक्यावरील एसबीसी, एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक हीं नांवें पाहून पुष्कळजण गोंधळतात, आणि नांवें जितकीं अधिक तितका माल उत्तम, असें समजून जास्त पैसे मोजतात. ही समजूत कितपत खरी आहे?

हीं नांवें कोडेकचीं होत. कॉम्पॅक्ट डिस्कवरील संगीताच्या एका सेकंदास सुमारें १४ लक्ष ११ हजार बिट लागतात. एवढा भार ब्लूटूथच्या नेहमींच्या वाटेनें जसाच्या तसा जात नाहीं. म्हणून फोन ध्वनीची आवळून मोट बांधतो व स्पीकर ती सोडतो. या बांधण्यासोडण्याच्या रीतीस कोडेक म्हणतात. एसबीसीची चांगल्या प्रतीची मोट सेकंदास सुमारें ३ लक्ष २८ हजार बिटांची असते. सोनी कंपनीनें २०१५ सालीं आणलेल्या एलडॅकची ९ लक्ष ९० हजारांपर्यंत जाते.

परंतु बांधणारा व सोडणारा या दोघांनाहि तीच रीत ठाऊक असली पाहिजे. संगीत वाहून नेणाऱ्या ब्लूटूथ यंत्रांस एसबीसी येणें बंधनकारक आहे; दुसरी समान भाषा न सांपडल्यास दोघे तिचाच आश्रय करितात. आयफोनला एसबीसी व एएसी एवढ्याच येतात. तेव्हां त्याच्यापुढें एलडॅकचा महाग स्पीकर ठेवणें व्यर्थ. अँड्रॉइडमध्यें एलडॅकचा समावेश २०१७ सालच्या आठव्या आवृत्तीपासून झाला. सारांश, दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांचे फोन पाहावे. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणच जुनें वा निकृष्ट असेल, किंवा स्पीकर तळहाताएवढा असेल, तर उत्तम कोडेकनेंहि फारसा फरक पडत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट विलंबाची आहे. मोट बांधण्यासोडण्यांत व वाटेंत मिळून पुष्कळदां सेकंदाचा पांचवा हिस्सा जातो. नुसतें ऐकणाऱ्यास तो जाणवत नाहीं. पण फोनवरील पेटी वाजवून तिचा सूर बिनतारी स्पीकरमधून काढूं गेल्यास घोटाळा होतो. मिनिटास १२० मात्रांच्या लयींत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे जवळजवळ पाव-अर्ध्या मात्रेमधील अंतरानें सूर मागें पडणार, व टाळकऱ्यांचा ताल बिघडणार! अशा कामीं तार जोडण्याची सोय असलेला स्पीकरच घ्यावा.

एलसी३ हा नवा कोडेक ज्यांत आहे, ती एलई ऑडिओ पद्धति २०२२ सालीं पूर्ण झाली. थोड्या बिटांत बरा ध्वनि व कमी विलंब, हे तिचे गुण खरे. पण तेथेंहि दोन्ही यंत्रांस ती यावी लागते. म्हणून खोक्यावरील नांवें मोजण्याऐवजीं, आपल्या फोनशीं जुळणारें एक नांव, आवाजाचा भरीवपणा, बॅटरीचा टिकाऊपणा व तारेची सोय एवढें पाहिलें, तर घरखर्चांतील पैसा वाया जाणार नाहीं.