टिफनी दिव्यांमागचे विस्मृत हात

रंगीत काचेतून फुले, वेली आणि चतुर साकारणारे टिफनी दिवे शतकभर न्यूयॉर्कचे कलावंत लुई कम्फर्ट टिफनी यांचीच निर्मिती मानले गेले. मात्र, त्यांच्या कार्यशाळेतील महिला विभागाच्या प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल यांची पत्रे २००५ मध्ये अभ्यासकांच्या हाती आली आणि यातील अनेक रचना त्यांच्या असल्याचे स्पष्ट झाले.

विस्टेरियाच्या फुलघोसांवर बेतलेल्या त्यांच्या दिव्यात काचेचे सुमारे २,००० तुकडे आहेत. पाकळीची छटा पाहून महिला कारागीर प्रत्येक तुकडा निवडत, कापत आणि त्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळत. नंतर डाख देऊन तुकडे सांधले जात.

विवाहित स्त्रियांना तेथे नोकरी नसे. ड्रिस्कॉल यांनीही १९०९ मध्ये विवाहानंतर काम सोडले. २००७ मध्ये न्यूयॉर्कमधील प्रदर्शनाने त्यांचे श्रेय जगासमोर आणले.