क्ष-किरण तंत्रज्ञाचें शिक्षण

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्झबर्ग येथें विल्हेल्म राँटजेन यांस एका अपरिचित किरणाचा शोध लागला. स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनीं त्यास ‘एक्स’ म्हटलें; बीजगणितांतील अज्ञात राशीस मराठींत ‘क्ष’ म्हणतात, तेव्हां येथें तो क्ष-किरण झाला. या किरणांनीं शरीरांतील हाड दिसतें, हें सर्वश्रुत आहे. परंतु तें नीट दिसावें यासाठीं यंत्र चालविणाऱ्यास काय शिकावें लागतें, याचा विचार क्वचितच होतो.

त्या शिक्षणाचा पहिला भाग शरीररचनेचा. समोरून न दिसणारी हाडाची चीर बाजूनें दिसते. म्हणून परस्परांशीं काटकोनांत दोन चित्रें घ्यावीं लागतात. लांब हाड मोडलें असल्यास त्याचा वरचा व खालचा सांधाही त्यांत यावा लागतो.

दुसरा भाग संरक्षणाचा. धोका ठाऊक नसतांना एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांनीं या किरणांवर अनेक वर्षें प्रयोग केले. त्यांचे दोन्ही हात कापावे लागले व १९०४ सालीं त्यांचा अंत झाला. आज तंत्रज्ञास तीन नियम शिकवितात : वेळ थोडा, अंतर पुष्कळ आणि मध्यें शिशाचा आडोसा. अंतर दुप्पट झालें कीं तीव्रता चतुर्थांशावर येते. छातीवरील बिल्ला अंगावर पडलेली मात्रा मोजतो. अणुऊर्जा नियामक मंडळानें ती पांच वर्षांच्या सरासरीनें वर्षास २० मिलिसिव्हर्टपुरती मर्यादित केली आहे. रोग्याचें चित्र फसलें, तर त्यासही दुसरी मात्रा विनाकारण सोसावी लागते.

तिसरा भाग पुस्तकांत थोडा, व्यवहारांत मोठा. छातीच्या चित्रासाठीं रोग्यानें खोल श्वास घेऊन क्षणभर रोखावयाचा असतो; छाती हलली कीं चित्र पुसट होतें आणि क्षयाची बारीक खूण त्यांत हरवूं शकते. किनवट तालुक्यांत गोंड, कोलाम व बंजारा वस्ती मोठी आहे. तेथें ‘श्वास धरा’ हे दोन शब्द रोग्याच्या बोलींत सांगणें, हेंही तंत्रच होय. नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर. एका निकामी चित्रापायीं मजुराची दिवसाची मजुरी बुडते.

हा मार्ग विज्ञान शाखेच्या बारावीपासून सुरू होतो. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांत वर्गांतील अध्ययनास रुग्णालयांतील प्रत्यक्ष कामाची जोड असते. किनवटच्या तरुण-तरुणींनीं ही विद्या संपादन केल्यास बोली त्यांस नव्यानें शिकावी लागणार नाहीं. ती त्यांच्यापाशीं आहेच.