वारशाने आलेले भाडेकरू

वडिलोपार्जित चाळ वारसाहक्काने मिळते, तेव्हा तिच्यासोबत जुने भाडेकरूही येतात. मालक बदलला म्हणून त्यांचे हक्क संपुष्टात येत नाहीत. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार, केवळ भाडे अत्यल्प आहे या कारणास्तव जागा रिकामी करून घेता येत नाही. भाड्यात वार्षिक ४ टक्के वाढ मात्र करता येते. भाडे थकल्यास लेखी मागणी करून ९० दिवसांनंतरच दावा दाखल करता येतो. मालकास स्वतःच्या वास्तव्यासाठी जागा हवी असल्यास, अधिक हालअपेष्टा कोणाच्या वाट्याला येतील, हे न्यायालय पाहते. पाणी वा वीज तोडण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून मिळकत ताब्यात घेताना भाडेपावत्या प्रथम तपासाव्यात.