पथकाची मुदत

जपानी आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साह्य मागितले, काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषबाबू यांनी निधी उभारला, आणि 1938 च्या सप्टेंबरात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. बसू असे पाच जण मुंबईहून आगबोटीने रवाना झाले. एकत्र निघालेल्या या वैद्यकीय पथकाची समाप्ती मात्र एकत्र झाली नाही.

मुखर्जींना प्रकृतीने माघारी आणले. उतारवयातही असा खडतर प्रवास पत्करणारे चोळकर आणि पथकप्रमुख अटल हेही आपापली सेवा बजावून यथावकाश स्वदेशी परतले. यात उणेपणाचे काहीच नाही. परंतु न परतलेल्या एकावर, म्हणजे कोटणीसांवर, ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले, शांतारामबापूंनी 1946 मध्ये चित्रपट काढला, आणि उरलेले चौघे लोकस्मृतीतून जवळजवळ बरखास्त झाले, हे मला काहीसे अन्यायाचे वाटते.

कोटणीसांना परतण्याचे निमित्त आरंभीच मिळाले होते. पथक चुंगकिंगला असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता येऊन थडकली, सहकाऱ्यांनी घरी जाण्याचा सल्ला दिला. ते गेले नाहीत. येनान आणि तेथून वुताई डोंगराच्या मुलखातील आघाडी, जेथे औषधांची चणचण नित्याचीच होती, असा प्रवास करीत 1941 मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ज्यांचे नाव त्या रुग्णालयास दिले होते, ते कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन 1939 मध्येच निवर्तले होते. कोटणीसांनी चिनी भाषा शिकविण्याइतकी आत्मसात केली, कारण तेथल्याच तरुणांतून शल्यवैद्य तयार झाल्यावाचून पाहुण्या डॉक्टराने निरोप घेणे म्हणजे रुग्णांना वाऱ्यावर सोडणेच होय. विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्रावर लेखनही त्यांनी आरंभिले होते. क्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला, 1942 च्या ऑगस्टात पुत्र झाला, आणि त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला.

बसू 1943 मध्ये एकटेच परतले. पुढे अनेक वर्षांनी ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चरची विद्या शिकून आले आणि कलकत्त्यात त्या पद्धतीने रुग्णांवर उपचार करू लागले.